हुशार पात्र खेळताना पुन्हापुन्हा होणारा बिघाड: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

आधी लक्षणे. टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन आणि फासे टाकून खेळायच्या भूमिकाखेळात दिवाणाचे, पंडिताचे किंवा जादूगाराचे पात्र घेतलेला खेळाडू पहिल्या दोन बैठकांत उत्साहाने बोलतो आणि तिसऱ्या बैठकीपासून गप्प होऊ लागतो. कागदावर त्याच्या पात्राची बुद्धी १८ (सामान्य माणसाची दहा-अकरा) लिहिलेली असते, पण भर दरबारात राजाने सल्ला विचारला की तो आधी खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराकडे आणि मग शेजाऱ्याकडे पाहतो. बोललाच, तर वाक्ये लांबत जातात, त्यांत संस्कृत शब्दांची आरास असते आणि मुद्दा कुठे सापडत नाही. ज्याच्या पात्राची बुद्धी जेमतेम ८ आहे असा पहिलवान खेळणारा गडी मात्र कोडे चुटकीसरशी सोडवतो. मग सगळे हसतात, आणि ते कोणाला हसत आहेत हे ज्याचे त्याला कळते. सूत्रधाराच्या बाजूलाही याच बिघाडाची लक्षणे दिसतात. ज्याची कीर्ती तीन महिने ऐकवली तो महाधूर्त खलनायक पहिल्याच भेटीत उघड्या खिडकीत उभा राहतो आणि बाण लागून मरतो. किंवा याच्या अगदी उलट, खेळाडूंनी काहीही केले तरी ‘त्याला हे आधीच ठाऊक होते’ असे सांगून सूत्रधार वेळ निभावून नेतो आणि चौथ्यांदा तसे झाले की खेळाडू मोबाईल पाहू लागतात.

यांपैकी कोणतीही दोन लक्षणे लागोपाठच्या बैठकांत दिसली, तर पुढील तपासण्या क्रमाने कराव्यात. इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या गच्चीवरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी टेबलावरचे भूमिकाखेळ चालतात आणि ते बहुतेक मीच चालवतो. खेळ चालवणाऱ्याला आमच्याकडे सगळे डीएम (डंजन मास्टर) म्हणतात. या लेखात मी सूत्रधार म्हणतो, कारण नाटकवेड्या गावात तो शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पोटापाण्यासाठी मी लेखापरीक्षणाचे काम करतो. हा बिघाड मी स्वतःच्या टेबलावर आणि बोलावणे आले तेव्हा इतरांच्या टेबलांवर इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता खोलीत शिरल्यावर दहा मिनिटांत ओळखू येतो. खेळाडूची बुद्धी कमी पडते आहे असे सगळे धरून चालतात, पण मला तरी तसे क्वचितच आढळले. हुशार पात्राची हुशारी टेबलावर तीन वाटांनी येते: त्याला विचाराला मिळणारा वेळ, त्याच्याकडे असलेली माहिती आणि त्याने आधी करून ठेवलेली तजवीज. यांपैकी कोणती वाट बुजली आहे, एवढेच शोधायचे असते.

पहिली तपासणी: कागद पुन्हा वाचावा

हिला दोन मिनिटे लागतात आणि खर्च शून्य, म्हणून ती आधी करावी. आमच्या टेबलावर बहुतेक वेळा डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिकाखेळाची २०१४ साली आलेली पाचवी आवृत्ती चालते. या खेळाची पहिली आवृत्ती १९७४ची, आणि तेव्हापासून त्यात बुद्धी आणि शहाणपण हे दोन वेगळे गुण आहेत. पाचव्या आवृत्तीत इतिहास, धर्म, निसर्ग, मंत्रविद्या आणि शोधतपास ही कौशल्ये बुद्धीखाली येतात; समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखणे आणि आसपासचे चटकन लक्षात येणे ही शहाणपणाखाली. तेव्हा बुद्धी १८ आणि शहाणपण ८ असलेला पंडित सराफ्यात फसवला गेला, तर त्यात कोणताही बिघाड नाही. नियमांनी त्याला तसे फसायला मोकळीक दिली आहे. मला दुरुस्तीला बोलावलेल्या निदान दोन टेबलांवर खरा प्रश्न इतकाच होता.

आकड्याचा अर्थही एकदा समजून घ्यावा. तीन फासे टाकून गुण ठरवायची जुनी रीत धरली, तर सरासरी साडेदहा येते आणि १८ येण्याचा योग २१६ मध्ये एक. ऐकायला हे फार वाटते. प्रत्यक्षात १८ला मिळणारी वाढ, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात मिळवायची भर, चारची. ज्याचे लक्ष्य १५ आहे, म्हणजे बेरीज १५ किंवा अधिक लागते, असे मध्यम अवघड काम सामान्य बुद्धीचा माणूस शंभरात तीस वेळा साधतो, १८ बुद्धीचा पन्नास वेळा, आणि त्या विषयाचा पहिल्या पातळीचा सराव (आणखी दोनची वाढ) असेल तर साठ वेळा. म्हणजे नियमांच्या हिशेबानेही हा दिवाण शंभरात चाळीस वेळा चुकतो. खेळाडूने मात्र एकदाही न चुकण्याचे ओझे स्वतःहून डोक्यावर घेतलेले असते, आणि हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की त्याचे खांदे खाली येतात.

याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारावा: पात्र कोणत्या बाबतीत हुशार आहे? ‘सगळ्याच’ हे उत्तर आले, तर बिघाडाचे मूळ तिथेच सापडले म्हणायचे. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे, आणि नाना फडणवीस अर्धे, कारण लेखणीत त्यांचा हात धरणारा कोणी नसला तरी तलवार हा त्यांचा प्रांत नव्हता. लोकांनी नानांसारख्या माणसाच्याही शहाणपणाला कुंपण घातले आहे. खेळाडूलाही तसे कुंपण आखू द्यावे: माझा दिवाण महसूल आणि माणसांची देणीघेणी यांत कोणाला हार जाणार नाही, पण घोडा, नदी आणि लहान मुले यांतले त्याला काही कळत नाही. एवढ्या एका वाक्याने अर्धे काम होते, कारण बुद्धी कुठे दाखवायची हे कळले की ती कुठे दाखवायची नाही हेही कळते.

दुसरी तपासणी: वेळ

हुशार माणूस आणि आपण यांत पहिला फरक वेगाचा. जे त्याला क्षणात सुचते ते आपल्यालाही सुचते, फक्त घरी जाताना जिन्यात. पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी सहा सेकंदांची मानतात, तरी तिच्यासाठी आपण टेबलावर दहा मिनिटे खुशाल घालवतो आणि कोणाची तक्रार नसते. मग दरबारातल्या एका प्रश्नाला दिवाणाच्या खेळाडूने त्याच क्षणी उत्तर द्यावे, हा आग्रह कशासाठी? मल्लाचे पात्र घेतलेल्याला आपण जोर काढून दाखवायला सांगत नाही, पण पंडिताच्या खेळाडूची हजेरी मात्र तिथल्या तिथे घेतो.

उपाय फुकट आहे. आमच्या टेबलावर पाण्याचे एक स्टीलचे फुलपात्र कायम असते. बुद्धिमान पात्राच्या खेळाडूने ते पालथे घातले, की प्रसंगातले घड्याळ थांबते. त्याने विचार करावा, जुने टिपण चाळावे, चहा आणायला आत जावे, सूत्रधाराला प्रश्न विचारावेत. फुलपात्र सुलटे झाले की पात्राने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले असे सगळ्यांनी धरायचे. मर्यादा पाच मिनिटांची, आणि एका बैठकीत तीनदाच, नाहीतर खेळ सरकारी कचेरीच्या चालीने चालू लागतो.

बैठक संपताना एक प्रश्न विचारायची सवयही याच तपासणीत येते: पुढच्या शनिवारी पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही काय करणार? याने सूत्रधाराला तयारीचे कळते तो फायदा आहेच, पण दिवाणाच्या खेळाडूला सबंध आठवडा मिळतो हा त्याहून मोठा. बसमध्ये, आंघोळीच्या वेळी, वरणाला फोडणी देताना त्याच्या डोक्यात ते घोळत राहते आणि शनिवारी पात्र जे ‘सहज’ बोलते ते सहा दिवस शिजलेले असते.

तिसरी तपासणी: भाषा

ही लवकर उरकते. पात्राला जड शब्द बोलायला लावणे बंद करावे. आमच्या खोलीत अर्धे वाक्य मराठी आणि अर्धे हिंदी असते, आणि त्यात एकजण अचानक ‘तथापि महाराजांनी हे विस्मरू नये’ असे बोलू लागला की तो दिवाणापेक्षा गणेशोत्सवातल्या नाटकाचा पाहुणा कलाकार वाटतो. खऱ्या आयुष्यात मला भेटलेली कुशाग्र माणसे कमी बोलतात, प्रश्न नेमके विचारतात, निष्कर्ष आधी सांगतात आणि कारण विचारल्याखेरीज देत नाहीत. खेळाडूने हे नियम पाळावेत. ज्याला संवाद सुचतच नाही त्याला ‘माझा दिवाण राजाला असे पटवतो की कर आत्ता माफ केला तर दोन वर्षांनी तो दुप्पट वसूल होईल’ असे सांगू द्यावे. कथेत निवेदन चालते, तर इथे न चालायला काय झाले.

चौथी तपासणी: माहिती

इथे जास्त वेळ द्यावा, कारण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा बुजलेली वाट हीच असते, आणि ती बुजवलेली असते सूत्रधाराने. पंडिताने पंधरा वर्षे ग्रंथ वाचले आहेत, राज्याची प्रत्येक सनद त्याच्या हाताखालून गेली आहे. खेळाडूला मात्र यातले काहीच ठाऊक नाही, आणि तरी त्याने पंडितासारखे बोलावे ही अपेक्षा. रिकाम्या तिजोरीतून दान करायला सांगण्यासारखेच हे झाले.

सुरुवात अशी करावी. जे पात्राला ठाऊक असणारच त्यासाठी फासे टाकायला लावू नयेत. पाचव्या आवृत्तीतच याची सोय आहे: कौशल्याच्या वाढीत दहा मिळवले की न टाकता मिळणारा आकडा येतो. बुद्धी १८ आणि शोधतपासाचा सराव असलेल्या पात्राचा तो १६ होतो, म्हणजे १५पर्यंतचे सगळे धागेदोरे त्याला नुसते खोलीत शिरल्यावर दिसायला हवेत. रॉबिन लॉझ यांनी रचलेली आणि २००७ साली प्रथम आलेली गमशू ही तपासकथांच्या खेळांची पद्धत याच्याही पुढे जाते. तीत योग्य कौशल्याचे पात्र योग्य जागी पोहोचून शोध घेऊ लागले की गोष्टीला आवश्यक असलेला सुगावा मिळतोच. प्रश्न उरतो तो त्या सुगाव्याचे काय करायचे एवढाच. पद्धत बदलायची गरज नाही, ती दृष्टी उचलली तरी पुरे.

पुढचे काम म्हणजे प्रसंगातली माहिती तीन थरांत लिहून आणणे. गेल्या पावसाळ्यातला आमचा अंबारखान्याचा प्रसंग उदाहरणादाखल देतो. राज्यात दुष्काळाची चाहूल आहे, कोठारात तीनशे पोती ज्वारी असल्याची नोंद आहे आणि पात्रे कोठार पाहायला जातात. पहिला थर सगळ्यांना दिसतो: पोती तीनशे आहेत, मोजदाद बरोबर आहे, कोठीवाला घाम पुसतो आहे. दुसरा थर जाणकाराला दिसतो: पोत्यांची शिवण एकाच हाताची आहे आणि सुतळी नवी आहे, जरी नोंदींनुसार पोती तीन वेगवेगळ्या वर्षांत आलेली आहेत. तिसरा थर सगळ्यांत मोलाचा, आणि तो असतो नसलेल्या गोष्टींचा: एवढ्या धान्याच्या कोठारात उंदराची एकही लेंडी नाही.

हा तिसरा थर मी माझ्या धंद्यातून उचलला. पावत्यांचे क्रमांक ४१, ४२, ४४ असे असले की नवा माणूस ४४वी पावती बारकाईने तपासतो आणि मुरलेला माणूस ४३वी मागतो. जे समोर आहे ते कोणालाही दाखवता येते. जे असायला हवे होते आणि नाही, ते हुशार पात्राच्या खेळाडूच्या हाती चिठ्ठीवर लिहून द्यावे. चिठ्ठीत वस्तुस्थितीच लिहावी, निष्कर्ष लिहू नये. ‘पोत्यांत वाळू भरली आहे’ असे लिहिले, तर खेळाडू निरोप्या होतो. ‘इथे उंदरांचा मागमूस नाही’ असे लिहिले, तर चार क्षणांनी त्याचे डोळे चमकतात आणि तो उठून पोत्यात सुरी खुपसतो. त्या क्षणी तो स्वतःच्या बुद्धीने दिवाण झालेला असतो, आणि सूत्रधाराने मदत केली हे त्यालाही आठवत नाही. एकदा वाचून उलगडा झाला नाही, तर एक पाऊल पुढची दुसरी चिठ्ठी तयार ठेवावी. भूमिकाखेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांनी मांडलेला तीन सुगाव्यांचा नियम इथे उपयोगी पडतो: खेळाडूंनी ज्या निष्कर्षाला पोहोचावे असे वाटते, त्याकडे नेणारे किमान तीन सुगावे ठेवावेत, कारण एक त्यांच्या नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात आणि तिसऱ्यावर काम होते.

फासे टाकायचेच असतील आणि ते उलटे पडले, तर ‘तुला काही कळले नाही’ हे वाक्य सूत्रधाराने तोंडातून काढू नये. कळले, पण उशीर झाला. कळले, पण शोधताना आवाज झाला. कळले, पण कोठीवाल्यालाही कळले की तुला कळले आहे. बुद्धिमान माणसाचे अपयश असे असते. १९८१ सालच्या कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या भूमिकाखेळात पात्राच्या बुद्धीच्या पाचपट टक्क्यांवर फासे टाकून, खेळाडूला न सुचलेली गोष्ट पात्राला सुचली का हे ठरवायची तरतूद होती. ती चांगली आहे, पण चिठ्ठ्या देऊन झाल्यावर अखेरची काठी म्हणूनच वापरावी, कारण आयते उत्तर मिळाले की खेळाडूच्या हाती काही उरत नाही.

पाचवी तपासणी: इतरांची डोकी

वरचे सगळे करूनही खेळाडू अडत असेल, तर टेबलावर एक नियम बोलून ठरवावा: आपण पाचजण खोलीत जे सल्ले देऊ ते दिवाणाच्या मनातले विचार आहेत असे धरायचे. पाच डोकी मिळून जे सुचते ते एका अलौकिक डोक्याच्या बरोबरीचे मानायला हरकत नाही. शेवटचा शब्द मात्र पात्राच्या धन्याचा. हा भाग विसरला की काय होते ते मी पाहिले आहे. माझी भाची एका बैठकीत राजपंडित खेळत होती, पाचही जण तिला सुचवत होते, आणि तासाभराने पंडित सगळ्यांचा झाला होता, फक्त तिचा नव्हता. पुढच्या दोन शनिवारी ती आली नाही. ‘मामा, तुम्हीच सगळे खेळा ना तो पंडित’, असे तिने मला पोह्यांच्या ताटलीवरून सुनावले तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. तेव्हापासून सल्ला फुलपात्र पालथे असतानाच द्यायचा आणि मागितला तरच द्यायचा, असे ठरले आहे.

सहावी तपासणी: तजवीज

इथून पुढे काम अवघड होते, कारण टेबलाचे नियम बदलावे लागतात आणि त्याला सगळ्यांची संमती लागते. दूरदृष्टीच्या माणसाने जे आधी करून ठेवले असते ते खेळाडूला आधी सुचणे शक्य नसते, म्हणून ते मागाहून घडवू द्यायचे. जॉन हार्पर यांच्या २०१७ सालच्या ब्लेड्स इन द डार्क या चोरटोळीच्या भूमिकाखेळात हीच सोय पूर्वदृश्याच्या रूपाने आहे: मोहीम चालू असताना खेळाडू म्हणतो की मी काल या पहारेकऱ्याला भेटून आलो होतो, आणि ती गोष्ट किती सहज घडली असती त्यानुसार पात्राला शून्य, एक, दोन किंवा अधिक ताण (या खेळात मोजून सोसायची किंमत) सोसावा लागतो.

आम्ही ताणाऐवजी चिंचोके वापरतो. बुद्धीची जी वाढ असेल तितके चिंचोके दर बैठकीला मिळतात; १८ असेल तर चार. चिंचोका टाकून ‘याची तजवीज मी आधीच केली होती’ असे म्हणता येते, दोन अटींवर. टेबलावर जे घडून गेले आहे ते बदलता येणार नाही, आणि तजवीज पात्राने स्वतःभोवती आखलेल्या कुंपणातली हवी. महसूल जाणणाऱ्या दिवाणाला नावाड्याची थकबाकी माफ करून त्याला मिंधे करून ठेवता येईल, पण अचानक होडी वल्हवता येणार नाही. पहिल्यांदा मी या अटी घातल्या नव्हत्या आणि चिंचोकेही मोजले नव्हते. तीन बैठकांत पंडिताने विषावरचा उतारा, गुप्त भुयार, शत्रूच्या सेनापतीशी जुना ऋणानुबंध आणि चंद्रग्रहण एवढ्या सगळ्याची तजवीज आधीच करून ठेवल्याचे निघाले, आणि ती मोहीम, म्हणजे अनेक बैठका चालणारी ती सबंध कथा, मला गुंडाळावी लागली. ग्रहणाला मी कशी मान डोलावली ते आजही कळत नाही.

सातवी तपासणी: खलनायक

सूत्रधाराला स्वतःपेक्षा हुशार असलेला प्रतिस्पर्धी चालवायचा असतो तेव्हा अडचण दुहेरी असते. पाचव्या आवृत्तीतल्या माइंड फ्लेअर या मेंदू खाणाऱ्या राक्षसाची बुद्धी १९ आणि लिच या मरूनही न मेलेल्या जादूगाराची २० आहे. आपण आपल्या बुद्धीचा आकडा न काढलेला बरा. शिवाय खेळाडूंचे सगळे बेत आपल्या कानांवर पडतात, तेव्हा खलनायकाला ते आधी ठाऊक असल्याचे सांगण्याचा मोह आवरत नाही. ती चोरी आहे, आणि ती पकडली जाते.

बैठकीआधी एका कार्डावर चार ओळी लिहाव्यात: त्याला काय हवे आहे, त्याच्यापाशी काय आहे, त्याला कशाची भीती आहे आणि त्याचा अंदाज कशाच्या बाबतीत चुकतो. चौथी ओळ लिहायला सूत्रधार टाळतात, पण तिच्याशिवाय खेळाडूंना जिंकायला जागाच उरत नाही. वर ज्यांचा उल्लेख आला ते विठ्ठल सुंदर निजामाचे दिवाण होते, पूर्ण शहाण्यांत मोजले जात होते, आणि तरी १७६३च्या ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला निजामाचे सैन्य गोदावरीच्या दोन काठांवर विभागले गेले असताना मराठ्यांनी गाठल्यावर लढाईत मारले गेले. नदीपुढे त्यांचा शहाणपणा चालला नाही. खलनायकालाही अशी एक नदी नेमून द्यावी.

बेत रचताना गुंतागुंत वाढवू नये. ज्या बेताला सात गोष्टी जुळून याव्या लागतात तो हुशार बेत नसतो, तो आशाळभूत बेत असतो. चांगल्या डावाचा नमुना इंदूरकरांना दूर शोधावा लागत नाही. १७६७ साली मालेराव वारल्यानंतर होळकरांची दौलत ताब्यात घेण्याच्या इराद्याने राघोबादादा फौजेसह माळव्यात आले, तेव्हा अहिल्याबाईंनी त्यांना पाठवलेल्या निरोपाचा आशय असा सांगितला जातो: मी हरले तर बाईला हरवल्याचे श्रेय तुम्हाला कोणी देणार नाही, आणि तुम्ही हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. दादांनी आपण सांत्वनाला आल्याचे सांगितले. या निरोपात समोरचा काय करील याचा अचूक अंदाज बांधावा लागलेला नाही. तो काहीही करो, दोन्ही वाटांचा शेवट आपल्या सोयीचा होईल अशी मांडणी तेवढी केलेली आहे, आणि मागे फौजही उभी आहे. खलनायकासाठी असा एकच दुहेरी पेच दर बैठकीला तयार करावा. तो रचायला अलौकिक बुद्धी लागत नाही, आठवड्याची सवड लागते, आणि ती सूत्रधाराला मिळालेलीच असते.

‘त्याला आधी ठाऊक होते’ हे वाक्यही पूर्ण वर्ज्य करू नये. खलनायकाचे चिंचोके सगळ्यांना दिसतील अशा काचेच्या बरणीत ठेवावेत, बुद्धी २० असेल तर पाच, आणि एक वापरताना आधीच्या प्रसंगातली एखादी खूण दाखवून द्यावी: मागच्या वेळी पडवीत जो माळी झाडत होता, तो त्याचा माणूस. बरणी रिकामी होताना दिसते तेव्हा खेळाडू चिडण्याऐवजी मोजू लागतात.

आठवी तपासणी: मांडणीच बदलणे

इथवर येऊनही बिघाड राहिला, तर दोष प्रसंगाच्या रचनेत आहे. ज्या प्रसंगाची किल्ली खेळाडूलाच सोडवाव्या लागणाऱ्या शब्दकोड्यात किंवा गणितात आहे, तो प्रसंग पात्राच्या बुद्धीला विचारतच नाही. कोडे काढून टाकावे आणि त्या जागी निवड ठेवावी: उत्तर पंडिताला ठाऊक आहे, पण ते सांगितले तर कोणाचे नुकसान होईल? हे काम वेळखाऊ आहे, तयार मोहिमेची निम्मी पाने पुन्हा लिहावी लागतात, म्हणून ते शेवटी ठेवले. खेळाडूला एकट्याला गाठून पात्र बदलायचे आहे का, हेही याच टप्प्यावर विचारावे, आणि तो हो म्हणाला तर मन वळवत बसू नये.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

तीन ठिकाणी घरगुती दुरुस्ती थांबवावी.

पात्र वैद्य किंवा वकील आहे आणि टेबलावर खरी औषधे, खरी विषे, खरे कायदे यांची चर्चा सुरू झाली, तर अंदाजाने पुढे जाऊ नये. ओळखीच्या डॉक्टरांना किंवा वकिलांना विचारावे, नाहीतर औषध काल्पनिक करून टाकावे.

खेळाडू स्वतःला मूर्ख म्हणू लागला, आणि ते खेळाबाहेर, घरी, कामाच्या ठिकाणीही चालू असल्याचे लक्षात आले, तर चिठ्ठ्या आणि चिंचोके बाजूला ठेवावेत. सूत्रधार समुपदेशक नसतो. बैठक थांबवून त्याच्याशी निवांत बोलावे, समुपदेशकाकडे जायला सुचवावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही देता येतो. एखादा गडी मुद्दाम दुसऱ्याच्या हुशारीची टर उडवत असेल, तर तो मात्र नियमांचा प्रश्न नाही आणि समुपदेशकाचाही नाही; त्याला जिन्यात गाठून स्पष्ट सांगावे, आणि नाहीच ऐकले तर पुढच्या शनिवारचे निमंत्रण देऊ नये.

आठही तपासण्या करून दोन महिने लोटले आणि लक्षणे तशीच आहेत, तर दुसऱ्या, अधिक मुरलेल्या सूत्रधाराला एका संध्याकाळसाठी बोलवावे. त्याला खेळ चालवायला देऊ नये, कोपऱ्यात बसून पाहायला सांगावे. आपण रोज तेच टेबल पाहत असतो, त्यामुळे आपली ४३वी पावती आपल्याला दिसत नाही. तो येण्याआधी त्याच्या हाती तीन कागद द्यावेत: अडलेल्या पात्राचा तक्ता, मागच्या तीन बैठकांत ते पात्र जिथे गप्प झाले त्या प्रसंगांची यादी, आणि त्या त्या वेळी सूत्रधाराने दिलेली माहिती शब्दशः. मला बोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांना तिसरा कागद लिहितानाच बिघाड सापडला आणि त्यांनी मला येऊ नका म्हणून फोन केला.